विषय-ओळ : नोंद की आमिष? – अनाहूत व्यावसायिक ई-मेलमधील विषयलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या वर्गात व्यावसायिक पत्रव्यवहार शिकविताना पत्राच्या अंगांची यादी फळ्यावर लिहिली जाते : प्रेषकाचा पत्ता, दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, मायना, मजकूर, समारोप, स्वाक्षरी, सोबतची कागदपत्रे. या यादीत ‘विषय’ हे बहुधा सर्वांत दुर्लक्षित अंग असते. ते लिहिले की नाही एवढेच परीक्षक पाहतो. काय लिहिले याची फारशी चिकित्सा होत नाही. छापील पत्राच्या काळात हे दुर्लक्ष खपून जात असे. लिफाफा फोडून कागद उलगडला की विषय आणि मजकूर एकदमच डोळ्यांसमोर येत. विषयात राहिलेली उणीव पहिल्या परिच्छेदात भरून निघत असे.

ई-मेलने ही स्थिती पालटली. विषय लिफाफ्याच्या आतून बाहेर आला. प्राप्तकर्त्याला प्रथम प्रेषकाचे नाव आणि विषय एवढेच दिसते. मजकूर वाचायचा की नाही हा निर्णय त्या एका ओळीवर होतो. प्रेषक अपरिचित असेल, पत्र न मागता आलेले असेल आणि त्यात काही विकावयाचे किंवा सहकार्य मागावयाचे असेल, तर या ओळीवरचा भार अधिकच वाढतो. त्यामुळे ‘परिणामकारक विषय-ओळ कशी लिहावी’ याविषयीच्या उपदेशाचे पीक अमाप आले आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत व कौशल्यविकासाच्या कार्यशाळांतही शिरले आहे. प्रस्तुत लेखात या उपदेशाची चिकित्सा केली आहे. विषय-ओळ हे मुळात पत्राचे अंग आहे. प्रचलित उपदेश तिचे मोजमाप जाहिरातीच्या मथळ्याप्रमाणे करतो आणि त्यातील बहुतेक दोष या गल्लतीतून उद्भवतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विषय-ओळीचे कूळ

ई-मेलच्या शीर्षभागातील ‘विषय’ हा रकाना संगणक-जाळ्याच्या आरंभकाळातला आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला. पुढे सप्टेंबर १९७३ मध्ये ‘आर.एफ.सी. ५६१’ या दस्तऐवजाने संदेशाच्या शीर्षभागाला प्रमाण रूप देण्याचा प्रयत्न केला. प्रेषक, दिनांक आणि विषय हे रकाने त्यात येतात. या दस्तऐवजाच्या चार लेखकांत टॉमलिन्सन यांच्यासमवेत आय.आय.टी. कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण हेही होते. या तीन रकान्यांचे स्वरूप पाहिले की कार्यालयातील आवक नोंदवहीची आठवण होते. कोणाकडून आले, केव्हा आले, कशाविषयी आले, हेच प्रश्न बारनिशी लिहिणारा कारकून विचारतो. विषय ही आरंभी नोंद होती. ती प्राप्तकर्त्याच्या सोयीसाठी होती.

उत्तराच्या आधी लागणारे ‘री’ हे अक्षरद्वयही हेच सांगते. त्याचे मूळ लॅटिन असून ‘अमुक प्रकरणी’ असा त्याचा अर्थ, २००८ च्या ‘आर.एफ.सी. ५३२२’ या प्रमाणकातच नोंदविलेला आहे. म्हणजे आपल्या सरकारी पत्रातील ‘बाबत’ आणि ई-मेलमधील ‘री’ ही एकाच घरची भावंडे ठरतात. मराठी पत्रपरंपरेतही आशयाची खूण करण्याची सोय होती. पेशवेकालीन पत्रांत नमस्कार-विनंती आणि क्षेमकुशल आटोपल्यावर ‘विशेष’ असा शब्द येतो व तेथून प्रत्यक्ष कामाचा मजकूर सुरू होतो. घाईत असलेला वाचक शिष्टाचाराचा भाग ओलांडून नेमका त्या शब्दापाशी जाऊ शकत असे.

अनाहूत व्यावसायिक पत्राचा इतिहासही या माध्यमात जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विपणन अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठविले. त्यावर उमटलेल्या नाराजीमागे नोंदवहीचे माध्यम जाहिरातीसाठी वापरले गेल्याची भावना होती. आज त्या नाराजीचे नवल वाटते. परंतु तिच्यामागील प्रश्न शिळा झालेला नाही.

मथळ्याचा वारसा

विषय-ओळीविषयीचा प्रचलित उपदेश जाहिरातविद्येतून आला आहे. पत्रलेखनाच्या परंपरेशी त्याचा संबंध नाही. डेव्हिड ओगिल्व्ही यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मथळ्याचे महत्त्व ठासून सांगितले. मजकुरापेक्षा मथळा वाचणारे सरासरी पाचपट असतात, हे त्यांचे विधान या क्षेत्रात प्रमाणवाक्यासारखे वापरले जाते. वृत्तपत्रातील जाहिरातीपुरते ते योग्यच होते. परंतु वृत्तपत्राचा वाचक ते विकत घेतो, जाहिरात कोठे असते हे त्याला ठाऊक असते आणि पान उलटण्याची त्याला मुभा असते. व्यक्तीच्या नावाने आलेल्या पत्राला हा न्याय लागू पडत नाही. पत्र हे एका माणसाने दुसऱ्या माणसाला उद्देशून केलेले वचन असते आणि त्यातील विषय हे त्या वचनाचे पहिले वाक्य असते.

मथळ्याच्या वारशातून आलेल्या युक्त्या स्थूलमानाने चार आहेत : कुतूहल चाळविणे, घाई निर्माण करणे, वैयक्तिक ओळखीचा आभास निर्माण करणे आणि पूर्वसंवादाचा बहाणा करणे.

चार युक्त्यांची तपासणी

पहिली युक्ती कुतूहलाची. विषयात मुद्दाम काहीतरी लपवावे म्हणजे वाचक ते शोधण्यासाठी पत्र उघडील, असे सांगितले जाते. या उपदेशाला आधार म्हणून जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा हवाला दिला जातो. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावेसे वाटते, त्यांतील अंतराची जाणीव म्हणजे कुतूहल, असा त्याचा आशय आहे. परंतु या सिद्धान्ताची दुसरी बाजू उपदेशकांच्या नजरेतून सुटते. अंतर जाणवण्यासाठी त्या विषयाचे काही पूर्वज्ञान असावे लागते, असेही लोवेन्स्टाइन सांगतात. ओळखीच्या माणसाने ‘तुम्हाला एक सांगायचे आहे’ असे म्हटले तर उत्सुकता वाटते. रस्त्यावरील अनोळखी माणसाने तेच म्हटले तर आपण खिसा सांभाळतो. अनाहूत पत्राचा लेखक हा दुसरा माणूस असतो. त्याने माहिती दडविली तर कुतूहलाऐवजी संशयच निर्माण होतो.

या युक्तीचे टोक मे २००० मध्ये जगाने पाहिले. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेले पत्र लाखो संगणकांवर पोहोचले. सोबतची धारिका उघडताच त्यातील घातक आज्ञावली पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र पाठवीत असे. केवळ ‘किती जणांनी उघडले’ हा निकष लावला तर या माध्यमाच्या इतिहासातील अतिशय परिणामकारक विषय-ओळींत तिची गणना करावी लागेल. ज्या निकषावर अशी ओळ उत्तीर्ण होते, तो निकष तपासून पाहणे हे आपले कर्तव्य ठरते. आशय न सांगता उघडायला लावणे ही कला विक्रेत्याची आणि फसवणूक करणाऱ्याची समाईक आहे. आपण वर्गात ती ‘कौशल्य’ म्हणून शिकवितो, तेव्हा विद्यार्थ्याला कोणाच्या पंगतीत बसवितो याचा विचार झाला पाहिजे.

दुसरी युक्ती घाईची. ‘आजच’, ‘शेवटची संधी’, ‘तातडीचे’ हे तिचे नेहमीचे शब्द. मुदत खरी असेल तर ती विषयात सांगणे हे सौजन्यच आहे. निविदेची अंतिम तारीख विषयातच हवी. परंतु प्रेषकाची गरज प्राप्तकर्त्याची निकड म्हणून मांडली की शब्द खोटा होतो. ‘तातडीचे’ हा शब्द अनेकांनी उधळला की खऱ्या तातडीसाठी शब्द उरत नाही. हे नुकसान एका पत्रापुरते राहत नाही. ते भाषेच्या समाईक ठेवीवरचे आहे.

तिसरी युक्ती ओळखीच्या आभासाची. संगणकाने यादीतून उचललेले नाव विषयात घालावे किंवा मित्राच्या स्वरात बोलावे, असा हा सल्ला. त्याच्या समर्थनार्थ बराक ओबामा यांच्या २०१२ मधील निवडणूक-प्रचाराचे उदाहरण दिले जाते. त्या प्रचारातील ई-मेलसाठी अनेक पर्यायी विषय-ओळी आधी लहान गटांवर तपासल्या जात. केवळ ‘हेय’ एवढीच हाक असलेली ओळ फार यशस्वी ठरली. ‘माझ्यापेक्षा प्रतिस्पर्धी अधिक खर्च करणार आहे’ अशा आशयाच्या, जून २०१२ मधील एका ओळीच्या पत्राने पंचवीस लाख डॉलरहून अधिक निधी जमविला. उदाहरण खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ज्यांना ही पत्रे गेली ते आपला पत्ता प्रचारयंत्रणेकडे नोंदविलेले लोक होते आणि प्रेषकाचे नाव तर जगाला ठाऊक होते. ‘हेय’ या हाकेचा अर्थ त्या नावाने भरून काढला होता. नावाचे बळ नसलेल्या अपरिचिताने तीच हाक मारली तर ती सलगी ठरते, आणि मराठी व्यवहारात तर आगाऊपणा. ‘आपण’ आणि ‘तू’ यांमधील अंतर सांभाळणाऱ्या भाषेत पहिल्याच भेटीत खांद्यावर हात टाकण्याची रीत नाही.

चौथी युक्ती सर्वांत निंद्य. पहिल्याच पत्राच्या विषयाआधी ‘री’ लावून जणू पूर्वी पत्रव्यवहार झाला आहे असा देखावा करणे. येथे अतिशयोक्तीची सबब चालत नाही. हे सरळ असत्य आहे. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेल्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्याने पत्रातील आशयाविषयी दिशाभूल करणाऱ्या विषय-ओळीस मनाई केली आहे. व्यावसायिक ई-मेलपुरता असा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम दूरध्वनी व लघुसंदेश यांच्यापुरते आहेत. त्यामुळे आपल्याकडे विषय-ओळीचा खरेपणा बव्हंशी लेखकाच्या सदसद्विवेकावर आणि त्याला मिळालेल्या शिक्षणावर अवलंबून आहे. शिक्षकाची जबाबदारी येथे वाढते.

उघडणे आणि वाचणे

या युक्त्या टिकून राहण्याचे कारण मोजमापात आहे. पत्र उघडले गेले की नाही हे मोजण्यासाठी त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म चित्र ठेवले जाते. ते प्रेषकाच्या संगणकावरून मागविले गेले की पत्र उघडले असे मानले जाते. २०१३ च्या डिसेंबरपासून जी-मेलने अशी चित्रे स्वतःच्या यंत्रणेमार्फत पुरविण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल-सेवेत गोपनीयतेची नवी सोय आणली. तीत वाचकाने पत्र पाहिले नसले तरी चित्रे आधीच उतरवून घेतली जातात. परिणामी ‘उघडण्याचे प्रमाण’ हा आकडा पुष्कळ अंशी निरर्थक झाला आहे. तो जेव्हा अचूक होता, तेव्हाही उघडणे आणि वाचणे, वाचणे आणि पटणे, पटणे आणि उत्तर देणे यांतील अंतर तो सांगत नव्हता.

दुसरीकडे, प्राप्तकर्त्याच्या नाराजीचे मोजमाप मात्र कडक झाले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जी-मेलने दररोज ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक आहे. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही जड ठरतात. आमिष दाखवून पत्र उघडायला लावलेला वाचक रागाने तक्रारीची कळ दाबतो, तेव्हा विषय-ओळीचे ‘यश’ प्रेषकाच्याच अंगावर येते.

आणखी एक बाब उपदेशग्रंथांत क्वचितच आढळते. विषय-ओळ पत्र उघडल्यावर संपत नाही. उत्तर आले तर तीच ओळ ‘री’ लावून परत येते आणि पुढील सर्व पत्रव्यवहाराचे नाव होते. दर ठरतात, नमुने पाठविले जातात, करार होतो, देयक थकते, आणि या सर्वांच्या डोक्यावर ‘फक्त दोन मिनिटे हवीत!’ हीच पाटी राहते. सहा महिन्यांनी लेखापाल ते पत्र शोधू लागतो, तेव्हा त्याला कोणता शब्द आठवणार? नोंद म्हणून लिहिलेली ओळ येथे उपयोगी पडते. आमिष म्हणून लिहिलेली ओळ केव्हाच निरुपयोगी झालेली असते.

मराठी विषय-ओळीच्या अडचणी

आमिषाला विरोध केला म्हणून आपली कार्यालयीन परंपरा निर्दोष ठरत नाही. ‘आमच्या संस्थेने नव्याने विकसित केलेल्या सौर ऊर्जेवर चालणाऱ्या भाजीपाला वाळवणी यंत्राचे प्रात्यक्षिक आपल्या कार्यालयात दाखविण्याची अनुमती मिळणेबाबत’ ही ओळ व्याकरणदृष्ट्या एकसंध आहे आणि तीत असत्य काहीच नाही. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिचा ‘आमच्या संस्थेने नव्याने विकसित केलेल्या…’ एवढाच भाग दिसतो. मराठी वाक्यात विशेषणे आधी येतात आणि कार्य शेवटी. ‘बाबत’च्या साच्यात तर सर्वांत महत्त्वाचा शब्द हमखास शेपटाशी जातो. कागदावर जे शेवटी वाचले जात होते, ते पडद्यावर कापले जाते. त्यावर उपाय सोपा आहे : वस्तू आधी, मागणी नंतर. ‘सौर वाळवणी यंत्र : प्रात्यक्षिकासाठी अनुमती हवी’ असे लिहिले की अर्थही राहतो आणि ‘मिळणेबाबत’ हे कार्यालयीन रूपही टळते, शिष्ट मराठीत ते ‘मिळण्याबाबत’ असावयास हवे.

याहून गंभीर दोष संदिग्धतेचा आहे. ‘सहकार्याबाबत’, ‘माहितीस्तव’, ‘विनंती अर्ज’ हे विषय सभ्य दिसतात. पण तेही वाचकापासून आशय लपवितातच. आमिषाचा लेखक हेतुपुरस्सर लपवितो, आळशी लेखक सवयीने. वाचकाच्या वाट्याला दोन्हीकडे सारखेच कष्ट येतात.

लिपीची अडचण तांत्रिक असली तरी तिचा इतिहास विसरून चालणार नाही. श्रीलिपी, आकृती यांसारख्या अक्षरसंचांच्या काळात मराठी मजकूर धारिकेत जोडून पाठविता येत असे. परंतु विषय-ओळीला अक्षरसंच निवडण्याची सोयच नव्हती. म्हणून आतील पत्र मराठीत आणि विषय इंग्रजीत, अशी सवय जडली. युनिकोडमुळे ती अडचण दूर झाली, सवय मात्र राहिली. १९९६ च्या ‘आर.एफ.सी. २०४७’ नुसार रोमनेतर अक्षरे सांकेतिक रूपात गुंडाळून पाठविली जातात व एका तुकड्याची लांबी ७५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. प्रचलित ‘बेस-६४’ पद्धतीत त्यामुळे एका तुकड्यात जास्तीत जास्त पंधरा वर्णचिन्हे मावतात. आपल्या डोळ्यांना ‘प्रस्ताव’ हा तीन अक्षरांचा शब्द दिसतो. संगणकाच्या लेखी तो आठ चिन्हांचा आहे. म्हणून ‘चाळीस अक्षरांत विषय बसवा’ हा इंग्रजीसाठी दिलेला सल्ला जसाच्या तसा मराठीला लावता येत नाही. २०१२ च्या ‘आर.एफ.सी. ६५३२’ ने शीर्षभागात थेट युनिकोड वापरण्याची वाट मोकळी केली आहे. मराठी वाचकाला मराठी विषय न लिहिण्याचे तांत्रिक कारण आता उरलेले नाही.

पर्यायी निकष

केवळ दोषदर्शनाने चिकित्सा पूर्ण होत नाही. ‘परिणामकारक’ याचा दुसरा अर्थ कोणता, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी आपल्या शास्त्रग्रंथांतील अनुबंधचतुष्टयाची कल्पना उपयोगी पडते. ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगाव्यात, असा संकेत आहे. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’त त्याचे विवेचन येते. हा ग्रंथ आपल्यासाठी आहे की नाही, हे वाचकाला आरंभीच कळावे हा त्यामागील हेतू. शास्त्रात ‘संबंध’ म्हणजे ग्रंथ व प्रतिपाद्य विषय यांचे नाते. पत्रापुरता तो प्रेषक आणि प्राप्तकर्ता यांच्यातील दुवा असा घेतला तर तो अर्थविस्तार आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

समजा, इचलकरंजीतील एका यंत्रमागधारकाला मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील अपरिचित कापड व्यापाऱ्यास पत्र पाठवावयाचे आहे. तीन ओळी शेजारी ठेवून पाहू. ‘आपल्या खर्चात मोठी बचत, आजच पाहा!’ हिच्यात चारपैकी एकही अनुबंध नाही. ही ओळ कोणीही कोणालाही लिहू शकेल. ‘आमच्या उत्पादनांची माहिती सादर करणेबाबत’ हिच्यात प्रयोजनाचा आभास आहे, विषय नाही. ‘ग्रे पॉपलीन, ६३ इंच पन्हा : दर व नमुना – इचलकरंजी’ हिच्यात विषय आहे, प्रयोजन आहे, गावाच्या नावात व्यापारी संबंधाची खूण आहे. आणि पन्ह्याच्या आकड्यामुळे अधिकारी कोण हेही ठरते : ज्याला तो कळतो तो.

या तिसऱ्या ओळीवर घेता येईल असा आक्षेप एकच : ती रुक्ष आहे, ज्याला पॉपलीन नको तो ती उघडणार नाही. आक्षेप खरा आहे, परंतु तो दोष नव्हे. ज्याला नको त्याने न उघडणे हेही विषय-ओळीचे काम आहे. त्याचा वेळ वाचला आणि प्रेषकाचे नाव त्याच्या मनात मलिन झाले नाही. उद्या त्याला पॉपलीन लागले तर ‘इचलकरंजी’ हा शब्द शोधून तो पत्रापाशी येऊ शकेल. खरे मोजमाप असे आहे : मजकूर वाचून झाल्यावर वाचकाने पुन्हा विषयाकडे पाहिले, तर त्याला तो खरा वाटावा.

समारोप

विषय-ओळ लहान आहे म्हणून तिचा प्रश्न लहान नाही. मोठ्या उद्योगांकडे नाव असते, जाहिरात असते, प्रतिनिधी असतात. लहान उत्पादक, बचत गट, नवा पदवीधर यांच्याजवळ अपरिचितापर्यंत पोहोचण्याचे जवळजवळ विनामूल्य साधन म्हणून ई-मेलच असते. आमिषाच्या ओळींनी वाचकांचा विश्वास आटत गेला की पहिला फटका यांनाच बसतो, कारण त्यांची खरी ओळही मग खोटी वाटू लागते.

म्हणून अध्यापनात दोन साधे बदल सुचवावेसे वाटतात. विषय-ओळ मजकुरानंतर लिहावयास सांगावी. आपण नेमके काय मागितले हे लेखकाला तोवर स्वतःला कळलेले असते. आणि परीक्षण करताना मजकूर झाकून केवळ विषय वाचावा व पत्रात काय असेल याचा अंदाज करावा. अंदाज जुळला तर पूर्ण गुण द्यावेत. हा प्रयोग कोणत्याही वर्गात खर्चाशिवाय करता येतो, आणि तो प्रथम आपल्याच महाविद्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर करून पाहण्यास हरकत नाही. ‘सहकार्याबाबत’ असा विषय लिहून पाठविलेली किती पत्रे आपल्याच जावक नोंदवहीत आहेत, हे त्या निमित्ताने आपल्याला कळेल.